उचलू नका

पहाटे पाच चाळीसला गुळवणी सरांचं गुलाबाचं फूल,
पाच एक्केचाळीसला इशारा:
सावधान! शेवटी सत्त्याऐंशी असलेला हा नंबर
उचलू नका. उचललात की खातं साफ.
मिरजेतल्या एका डॉक्टरांचे नऊ लाख गेले.
जास्तीत जास्त लोकांना पाठवा.

कुठले डॉक्टर, कुणी विचारलं नाही.
आमच्या मिरजेत खडा मारला तर डॉक्टरलाच लागतो,
म्हणजे कुणाचे तरी गेलेच असणार.
किल्ला भागातल्या बासष्ट ज्येष्ठांनी हात जोडले.

मी सव्वीस वर्षं एक्स्चेंजमध्ये बसले.
हेडफोनच्या कडीनं डाव्या कानामागे पडलेली खाच
अजून बोटाला लागते.
ऑर्डिनरी, अर्जंट, लायटनिंग.
मयताचा फोन कुठला, सोयरिकीचा कुठला,
पहिल्या हॅलोत कळायचं.
(एकदा चुकले. ते सांगत नाही.)
उचलल्यानं पैसे जात नाहीत, एवढं मला माहीत आहे.
बोलल्यानं जातात.

नलूचे तसे गेले.
पलीकडचा तिला आत्या म्हणाला,
गुडघा कसा आहे विचारलं.
चाळीस हजार.
तो नंबर कुठल्याच इशाऱ्यात आला नव्हता.

दुपारी भांडी आटोपली आणि मी सत्त्याऐंशीवाला नंबर फिरवला.
बटणं दाबली खरं तर. फिरवला म्हणायची सवय.

एकाच घंटीत उचलला.
"कोन? कोन बोलतंय?"
इतक्या घाईनं उचलणारा माणूस
लुबाडायला बसलेला असतो, नाहीतर वाट बघायला.

"मी भूपाल मगदूम, मणेराजुरी. बोरातनं मोटार वर काढतो.
अकरा दिवसांत तुमीच पयल्या, बाई.
दिसाला पंधरा फोन यायचे.
आता मी केला तरी लोकं उचलंनात.
मेव्हण्यानं बी न्हाई उचलला.
कुनी घातलाय माझा नंबर त्यात?
काय केलंय म्या?"

आवाज खरा होता.
पण खरा वाटणारा आवाज हेच तर त्यांचं भांडवल,
नलूला विचारा.
म्हणून मी परीक्षा घेतली:
साडेतीनशे फुटांवरची मोटार किती पायपांवर येते?
"ईस फुटी आसंल तर सतरा आन् एक आर्धा," तो म्हणाला,
मग थांबून, "तुमची आडकलीय का?"
त्या विचारण्यात आशा होती.
मला लाज वाटली.
मी म्हटलं, नाही, आमच्याकडे नळाचं पाणी आहे.

संध्याकाळी गटावर लिहिलं:
नंबर मोटार दुरुस्तीवाल्याचा आहे. मी स्वतः बोलले.
तीन अंगठे आले.
एकीनं विचारलं, हे कुठून आलं, पुढे पाठवू का?
गुळवणी सरांनी वेगळा मेसेज टाकला:
विजयमालाताई, आधी आपलं खातं तपासून घ्या.

हसले मी.
आणि सकाळी बँकेत जाऊन पासबुक भरून आणलं.
चौदा हजार दोनशे सहा. होते तेवढेच.
रांगेत माझ्यापुढे नलू होती, ती काही बोलली नाही.

तोच इशारा काल परत आला, भाचीकडून, पुण्याहून.
डॉक्टरांचे आता अकरा लाख झालेत.

नंबर मी साठवलाय: भूपाल मोटर.
पुढे प्रश्नचिन्ह घातलं होतं.
परवा त्याचा फोन आला तेव्हा
स्क्रीनवर ते आधी दिसलं, नाव नंतर.
मी तिसऱ्या घंटीला उचलला.
कवठ्याहून एकानं बोलावलंय म्हणाला,
दोनशे ऐंशी फूट, चौदा पायपा.
एवढंच सांगायला केला होता.

प्रश्नचिन्ह पुसायला सेटिंगमध्ये कुठं जावं लागतं
ते मला माहीत आहे.